संगणकीय शर्यतीतील रस्त्याचा पोत

संगणकावरील शर्यतीचा खेळ म्हटला की पालकांच्या कपाळावर आठी उमटते. मूल तासन्‌तास पडद्यासमोर बसून राहते, ही काळजी रास्तच आहे. परंतु त्याच खेळाचे अंतरंग उघडून त्यातील रस्ता स्वतःच्या हाताने रंगवणारे मूल ग्राहकाचा कारागीर होत असते. ही कारागिरी नेमकी काय आहे, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना समजावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पडद्यावरील रस्ता दोन गोष्टींनी बनतो. पहिली म्हणजे त्याचा आकार. चढ, उतार, वळणे यांचा तो असंख्य लहान त्रिकोणांनी बांधलेला सांगाडा असतो. दुसरी म्हणजे त्या सांगाड्यावर बसवलेले सपाट चित्र. कापडाच्या विणीला किंवा जमिनीच्या प्रतीला आपण पोत म्हणतो. खेळातील या चित्रालाही पोत, म्हणजेच टेक्सचर, म्हणतात. डांबरातील खडी, कडेचे गवत, कुंपणाची भिंत हे सारे बहुधा चित्रच असते. फरशी बसवावी तसा एकच तुकडा शेजारी शेजारी मांडून संपूर्ण रस्ता झाकला जातो.

भारतातील एक उदाहरण पाहू. उत्तर प्रदेशातील गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात ५.१२५ किलोमीटर लांबीचे बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट आहे. तेथे फॉर्म्युला वनची पहिली शर्यत ३० ऑक्टोबर २०११ रोजी झाली. मात्र कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीचा ‘एफ वन २०११’ हा खेळ सप्टेंबरमध्येच बाजारात आला होता आणि त्यात हा मार्ग समाविष्ट होता. म्हणजे त्या मार्गावर फॉर्म्युला वनची एकही शर्यत होण्यापूर्वी त्याचे चित्र घरोघरी पोहोचले होते. प्रत्यक्ष शर्यतीच्या वेळी मार्गालगतची धूळ चालकांना त्रासदायक ठरली. चित्र आणि वास्तव यांतील असे अंतर कमी करण्यासाठीही जगभरातील हौशी मंडळी आपल्या खेळांतील पोत बदलत असतात.

शिकण्यासाठी ‘सुपरटक्सकार्ट’ हा खेळ सोयीचा आहे. तो विनामूल्य असून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्यातील प्रत्येक मार्गाचे स्वतंत्र फोल्डर असते आणि पोताच्या फाइली साध्या चित्रांच्या स्वरूपात असतात. प्रथम संपूर्ण फोल्डरची प्रत काढून ती सुरक्षित ठेवावी. मग हवे ते चित्र गिम्पसारख्या विनामूल्य प्रणालीत उघडून बदलावे आणि त्याच नावाने, त्याच प्रकारात साठवावे. चित्राची लांबी-रुंदी २५६, ५१२, १०२४ अशी दोनाच्या घातात ठेवावी. कारण दूरचा रस्ता दाखवताना संगणक त्याच चित्राच्या निम्म्या-निम्म्या आकाराच्या प्रती वापरतो.

खरे कौशल्य सांधा लपवण्यात आहे. तुकड्याची डावी कड उजव्या कडेशी आणि वरची कड खालच्या कडेशी जुळली नाही, तर रस्त्यावर चौकटी दिसू लागतात. यासाठी चित्र अर्ध्या रुंदीने व अर्ध्या उंचीने सरकवावे. कडा मध्यभागी येतात, सांधा उघडा पडतो आणि तो पुसता येतो. छायाचित्रावरून पोत करायचा असेल तर ते ढगाळ हवेत, सरळ वरून घ्यावे. एका झाडाची सावली चित्रात आली, तर तीच सावली रस्ताभर पुन्हा पुन्हा उमटते. त्यासाठी बोईसर-चिल्हार रस्त्यावरील अवजड वाहनांच्या वर्दळीत कोणी उभे राहू नये. शाळेच्या आवारातील हातभर जमीन पुरेशी आहे.

येथे एक मर्म ध्यानात घ्यावे. गवतावर गाडीचा वेग मंदावतो, हा नियम चित्रात नसतो. तो त्याच फोल्डरातील दुसऱ्या एका फाइलीत, त्या चित्राच्या नावापुढे लिहिलेला असतो. म्हणून गवताच्या चित्रावर गुळगुळीत डांबर रंगवले, तरी नाव तेच असल्याने गाडी तेथे पूर्वीप्रमाणेच मंदावते. रंग बदलला म्हणून नियम बदलत नाही. नियम बदलायचा असेल, तर तो लिहिलेला कागद शोधून वाचावा लागतो. खेळातून मिळणारा हा धडा खेळापुरता नाही.

आपल्या पालघर जिल्ह्यातील मुले पोत रंगवू लागली की त्यांना वारली चित्रे आठवणारच. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेली ही चित्रे पूर्वी स्त्रिया लग्नघरी काढत. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. ही चित्रे खेळातील घरांच्या भिंतींवर जरूर यावीत. परंतु ज्या लग्नचौकात पालघट देवी असते, तो चाकांखालच्या रस्त्यावर पसरू नये. ज्यांची कला आहे त्यांना विचारावे आणि त्यांचे नाव द्यावे. व्यापारी खेळातील चित्रांचे हक्क कंपनीकडे असतात. मुक्त खेळातही मूळ कलावंताचा उल्लेख करावा लागतो. मग आपल्या शेजाऱ्यांच्या कलेला वेगळा न्याय का?

पडद्यावर दिसणारे जग कोणीतरी घडवलेले असते; म्हणूनच ते समजून घेता येते आणि बदलताही येते. आपल्या मुलांनी त्यात आपला ताड, आपली तांबडी माती, आपले घर रेखाटावे. पालकांनीही एकदा त्यांच्याशेजारी बसून विचारावे, “बाळा, यातले तू काय केलेस?” त्या प्रश्नाचे उत्तर देताना मूल जे शिकेल, ते त्याला पुढे फार उपयोगी पडेल.