विश्लेषण : हृदयाचा व्हॉल्व्ह बदलताना बायपासही करावी का? निर्णय कशावर ठरतो?

व्हॉल्व्ह बदलायचे ठरते, त्याआधी अँजिओग्राफी होते आणि रक्तवाहिन्यांमध्येही ब्लॉकेज सापडतात. कधी उलट घडते. बायपास ठरलेली असते आणि टूडी इकोमध्ये व्हॉल्व्ह अरुंद झालेला दिसतो. अशा वेळी ‘छाती उघडणारच आहेत, तर दोन्ही एकदमच उरकावे का?’ हा प्रश्न कुटुंबासमोर उभा राहतो.

दोन्ही आजार एकत्र का?

हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारा एऑर्टिक व्हॉल्व्ह वयानुसार कॅल्शियम साचून कडक होतो. वय, उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान ही कारणे व्हॉल्व्ह आणि ब्लॉकेज या दोन्हींमागे असतात. धाप लागणे, छातीत दुखणे ही लक्षणेही सारखीच. त्यामुळे त्रास नेमका कशाचा, हे केवळ लक्षणांवरून सांगता येत नाही.

आकडे काय सांगतात?

निरोगी एऑर्टिक व्हॉल्व्ह साधारण ३ ते ४ चौरस सेंटीमीटर उघडतो. ही जागा १ चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून कमी झाली, अथवा रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरवर गेला, तर आजार गंभीर मानतात. प्रमुख रक्तवाहिनीत ७० टक्के किंवा डाव्या मुख्य वाहिनीत ५० टक्के अडथळा असेल, तर तोही महत्त्वाचा ठरतो. दोन्ही आजार गंभीर असतील आणि रुग्णाला शस्त्रक्रिया झेपणार असेल, तर सहसा एकाच वेळी दोन्ही करण्याकडे कल असतो.

खरा पेच कुठे?

व्हॉल्व्हचा आजार मध्यम असतो तेव्हा. रक्ताचा वेग सेकंदाला ३ ते ४ मीटर असेल, तर तो दरवर्षी सरासरी ०.३ मीटरने वाढतो. म्हणजे आज फक्त बायपास केली, तर काही वर्षांत व्हॉल्व्हसाठी पुन्हा छाती उघडावी लागू शकते. दुसऱ्यांदा ते अधिक जोखमीचे असते, कारण आतील भाग चिकटलेले असतात आणि चालू असलेल्या ग्राफ्टला इजा होण्याची भीती असते.

मात्र, नव्या व्हॉल्व्हचीही किंमत मोजावी लागते. धातूचा व्हॉल्व्ह बसवला, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि आयएनआर तपासणी आयुष्यभर. प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेला व्हॉल्व्ह साधारण १० ते १५ वर्षांत खराब होऊ शकतो.

जोखीम किती वाढते?

भारतात अनेक बायपास शस्त्रक्रिया धडधडत्या हृदयावर होतात. व्हॉल्व्ह बदलताना मात्र हृदय थांबवून रक्ताभिसरण हार्ट-लंग मशिनवर घ्यावे लागते. बायपासही जोडली की हा वेळ वाढतो. मूत्रपिंडाचा आजार, फुप्फुसांचा विकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा हृदयाची कमी झालेली पंपिंग क्षमता असेल, तर प्रत्येक जादा मिनिट महत्त्वाचे. वय आणि हे आजार लक्षात घेऊन ‘एसटीएस’ किंवा ‘युरोस्कोअर’द्वारे जोखमीचा अंदाज काढतात.

टावी आणि स्टेंट हा पर्याय आहे का?

मांडीतील रक्तवाहिनीतून व्हॉल्व्ह बसवण्याची ‘टावी’ पद्धत फ्रान्समध्ये २००२ मध्ये प्रथम वापरली गेली. सत्तरी गाठलेल्या १७२ रुग्णांवरील आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टीसीडब्ल्यू’ अभ्यासात वर्षभरानंतर टावी-स्टेंट गटाचे निकाल एकत्रित शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरले. मात्र रुग्ण थोडे आणि निष्कर्ष एका वर्षाचे आहेत. तरुण रुग्ण आणि अनेक गुंतागुंतीचे ब्लॉकेज असलेल्यांसाठी शस्त्रक्रियेचे महत्त्व कायम आहे.

डॉक्टरांना काय विचारावे?

व्हॉल्व्हचा आजार मध्यम की गंभीर? आज फक्त एकच शस्त्रक्रिया केली, तर दुसरी किती वर्षांत लागू शकते? तेव्हा टावी शक्य होईल का? फक्त एक आणि दोन्ही एकत्र, यांतील जोखमीत किती टक्क्यांचा फरक आहे? विमा किंवा सरकारी योजनेत दोन्हींचा खर्च बसतो का?

तातडी नसेल, तर इकोचा अहवाल आणि अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसरे मत जरूर घ्यावे. हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसून हा निर्णय घ्यावा, असा आग्रह धरण्याचा रुग्णाला हक्क आहे.