लाल दिसलं म्हणजे मुसळधार?

जून उजाडला की मोबाईलवर उपग्रहाची चित्रं फिरू लागतात. अरबी समुद्रावर पांढरे पट्टे, त्यात लाल-पिवळे ठिपके आणि खाली मजकूर: ‘लाल भागात पुढच्या दोन तासांत ढगफुटी.’ चित्र बहुधा खरं असतं. त्याचा लावलेला अर्थ चुकीचा असतो. त्यापायी लोक नको तेव्हा घाबरतात आणि सावध राहायला हवं तेव्हा निर्धास्त राहतात.

तो लाल रंग पावसाचा नसतोच. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) हे आपले हवामान उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून सहा वेगवेगळ्या तरंगपट्ट्यांत पृथ्वीकडे पाहतात. दृश्य प्रकाशातली प्रतिमा उन्हावर अवलंबून, म्हणून रात्री ती काळी. रात्रंदिवस मिळते ती अवरक्त प्रतिमा, आणि ती मोजते तापमान. ढगाचा माथा जितका उंच तितका थंड. थंड भाग पांढरा दाखवायचा हा ठरवलेला संकेत आहे, आणि अतिथंड माथे चटकन नजरेत भरावेत म्हणून संगणकावर त्यांना रंग दिले जातात.

मग थंड माथ्याखाली पाऊस असतो का? पुष्कळदा असतो, पण नेहमी नाही. गडगडाटी ढगाच्या वरच्या टोकाला बर्फकणांचा पसारा वाऱ्याबरोबर दूरवर पसरत जातो. चित्रात तो ठळक दिसतो, आणि खाली अंगणात वाळत घातलेले कपडे कोरडे असतात.

याच्या नेमकं उलट आपल्या सह्याद्रीत घडतं, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाने हे आवर्जून लक्षात ठेवावं. समुद्रावरून आलेला ओलसर वारा घाटाला धडकतो, वर चढतो आणि ढग बनतो. हे ढग बरेचदा बुटके असतात. त्यांच्यात थेंब एकमेकांना मिळत मोठे होतात, बर्फ तयार व्हावाच लागत नाही. आंबोलीत किंवा महाबळेश्वरात धो-धो कोसळत असताना अवरक्त चित्रात तिथे नुसता राखाडीपणा दिसू शकतो, कारण माथा फारसा थंड नसतो. अशा प्रतिमांवरून काढलेला पावसाचा आकडा घाटमाथ्यावर अनेकदा कमी भरतो तो यामुळेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली, कारण हे ढग त्यांच्यात राहूनच मोजावे लागतात.

‘उपग्रह सगळं लाइव्ह बघतो, मग आमच्या गल्लीतला पाऊस आधी का नाही कळला?’ हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि राग समजण्यासारखा आहे. पण एक इन्सॅट साधारण अर्ध्या तासाने नवी प्रतिमा देतो, आणि अवरक्त चित्रातला एक ठिपका सुमारे चार किलोमीटर लांबी-रुंदीचा असतो. २६ जुलै २००५ आठवा: सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. पुढच्या तास-दोन तासांसाठी हवामान खात्याच्या डॉप्लर रडारचं चित्र पाहावं; रडार थेंबांकडूनच परतलेल्या लहरी टिपतं. खोल समुद्रातल्या चक्रीवादळापर्यंत मात्र त्याचा पल्ला पोचत नाही, तिथे मुख्य आधार उपग्रहाचाच.

आता ऋतूंबद्दल. सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा, असं आजही सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती १५.२ कोटींवर गेलेली असते. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून ऋतू होतात. हे उपग्रहाच्या चित्रात डोळ्यांनी दिसतं. मार्चच्या विषुवदिनी दिवस-रात्रीची सीमा ध्रुवापासून ध्रुवापर्यंत सरळ उभी असते. २१ जूनला तीच तिरकी होते आणि उत्तर ध्रुव दिवसभर उजेडात राहतो.

रंगांचा आणखी एक घोळ. काही चित्रांत कोकण लालभडक दिसतं आणि लोकांना वाटतं, जंगल पेटलंय किंवा करपलंय. खरं तर ती हिरवाईची खूण असते. निरोगी पानं जवळचे अवरक्त किरण जोरात परावर्तित करतात आणि त्या किरणांना चित्रात लाल रंग देण्याची पद्धत आहे.

ऐन जुलैत मात्र तेही दिसत नाही, कारण मध्ये ढग असतात. अशा वेळी रडार उपग्रह उपयोगी पडतात, त्यांच्या लहरी ढगांतून आरपार जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याने सांगली-कोल्हापूर वेढलं, तेव्हा पुराची व्याप्ती अशाच प्रतिमांवरून आखता आली. संथ पाण्यावरून लहरी आरशासारख्या पलीकडे निघून जातात, म्हणून पूर काळा दिसतो. दाट वस्तीत मात्र घरांच्या भिंती त्या लहरी परत फेकतात. गल्लीबोळातलं पाणी त्यामुळे काळ्या डागात येत नाही. ते गावातून आलेल्या नोंदींशी ताडून नकाशात भरावं लागतं.