बोट घेताय? आधी समुद्रावर चालवून पाहा

घाटकोपर हे काही बंदर नाही. पूर्वेला ठाण्याची खाडी, कांदळवन आणि मिठागरे. बोटीचा धंदा पाहायचा तर भाऊचा धक्का, ससून डॉक, ट्रॉम्बे नाहीतर सरळ कोकण गाठावे लागते. तरीही बोटीत पैसा घालणारा माणूस घाटकोपरच्या बाजारात भेटतो. दुकान इथे, घर रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्यात. गावी मेहुणा किंवा चुलतभाऊ दर्याचा जाणकार. त्याच्याकडे हुन्नर, आपल्याकडे भांडवल, अशी भागीदारी जमते आणि जुनी मोटार बोट घ्यायचे ठरते.

हे भांडवल बहुधा एकट्याचे नसते. दुकानाची शिल्लक, आखाती देशात राबणाऱ्या भावाने पाठवलेली रक्कम, कधी घरातल्या बाईचे दागिने, असे जमवून बोट येते. पुढे त्याच बोटीवर तांडेल आणि खलाशी जिवाच्या भरवशावर खोल समुद्रात जातात. म्हणून बोटीचा सौदा हा कपाटाच्या किंवा शिलाई मशीनच्या सौद्यासारखा धरून चालत नाही. किनाऱ्यावर ताजा रंग दिलेली बोट पाहून इसार देणाऱ्यांची संख्या मात्र कमी नाही. खरेदीदाराने कोणती तपासणी करावी, कोणत्या क्रमाने करावी आणि पैसे केव्हा मोजावेत, याची माहिती येथे देत आहोत.

सौद्याची अट आधी ठरवा

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हकीकत आपल्याला ठाऊक आहे. जुन्या बोटीचा रंग म्हणजे ढिगाचा कोरडा थर. आत काय आहे ते पाण्यात उतरल्याशिवाय कळत नाही.

शरीअतने खरेदीदाराला यासाठी हक्क दिला आहे. ठरावीक मुदतीत सौदा कायम करावा की मोडावा, अशी अट घालता येते. तिला ‘खियारे शर्त’ म्हणतात. इमाम अबू हनीफा (रह.) आणि इमाम शाफई (रह.) या दोघांच्याही मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत ठेवता येते. लपलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क वेगळा, तो ‘खियारे ऐब’. सौदा मोडल्यावर विक्रेत्याने इसार गिळंकृत करणे हनफी आणि शाफई या दोन्ही मसलकांत योग्य मानलेले नाही. कोकणातील मुसलमान बहुतेक शाफई आणि मुंबईतील इतर अनेक हनफी, तेव्हा या मुद्द्यावर वाद व्हायचे कारण नाही.

देशाचा कायदा मात्र खरेदीदाराच्या सावधगिरीवर भर देतो. १९३०च्या मालविक्री कायद्यात मालाच्या दर्जाची हमी काही ठरावीक प्रसंगीच गृहीत धरली जाते. एरवी पारख खरेदीदाराने करायची असते. म्हणून अट तोंडी ठेवू नका. साध्या करारनाम्यात चार गोष्टी लिहून घ्या: समुद्रावरील चाचणीनंतरच सौदा पक्का होईल, चाचणीत दोष निघाल्यास इसार पूर्ण परत मिळेल, चाचणीच्या डिझेलचा आणि खलाशांच्या मजुरीचा खर्च कोण करील, चाचणीत काही मोडले किंवा अपघात झाला तर जबाबदारी कोणाची. सासुरवाडीतला सौदा असला तरी लिहून घ्यावे. कुरआननेही उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यास सांगितले आहे. लिहिण्याने नाते तुटत नाही, टिकते.

बोटीआधी कागद

चाचणीला जाण्यापूर्वी कागद पाहा. कागद खोटे निघाले तर डिझेल जाळण्याची गरजच उरत नाही.

नोंदणी प्रमाणपत्रावरील मालकाचे नाव आणि तुमच्यासमोर बसलेला विक्रेता एकच आहे का? भागीदार असतील तर सर्वांची संमती आहे का? प्रमाणपत्रावरील इंजिन नंबर आणि बोटीतल्या इंजिनावर ठोकलेला नंबर जुळतो का? इंजिन बदलले असेल तर त्याची नोंद हवी. मासेमारीची बोट असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना पाहा आणि मागच्या एखाद्या कारवाईचा दंड थकला आहे का, याची खात्याकडे चौकशी करा. प्रवासी किंवा मालवाहू बोट असेल तर १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे तिचे सर्वेक्षण झाले आहे का आणि प्रमाणपत्राची मुदत बाकी आहे का, ते तपासा.

कर्जाचा बोजा ही सर्वांत मोठी अडचण. सहकारी संस्थेमार्फत कर्ज काढून अनेक बोटी बांधल्या गेल्या. थकबाकी असेल तर बोट आपली होऊनही आपली होत नाही. मच्छीमार संस्थेकडून आणि बँकेकडून ‘बाकी नाही’ असा दाखला घ्यावा. संस्थेतून मिळणारे डिझेल आणि त्यावरचा करपरतावा नव्या मालकाला चालू राहील का, हेही तिथेच विचारावे, कारण महिन्याच्या हिशेबात ही रक्कम लहान नसते.

दिवस आणि जागा

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी ओढून, शाकारून ठेवलेल्या असतात. याच दिवसांत पैशाची गरज असलेला मालक कमी भाव सांगतो. भाव कमी असला तरी तेव्हा समुद्रावर चाचणी होऊ शकत नाही, हे विसरू नये. बोट पसंत असेल तर बोलणी करा, लहान इसार द्या, पण मोठी रक्कम नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरून चालेपर्यंत हातात ठेवा.

चाचणीचा दिवस चांदाच्या तारखेवरून ठरवता येतो. आपल्या हिजरी महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आणि पंधराव्या-सोळाव्या तारखेच्या आसपास उधाण असते. आठव्या-नवव्या आणि बाविसाव्या-तेविसाव्या तारखेच्या आसपास भांग. उधाणात मुंबईजवळ भरती-ओहोटीच्या पाण्यात चार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो आणि प्रवाह जोरात असतो. पहिल्यांदाच बोट हाताळायची तर भांगाचे दिवस बरे. खाडीच्या आत सपाट पाण्यावर फेरी मारून ‘चाचणी झाली’ म्हणू नका. लाट लागल्याशिवाय बोटीचे सांधे बोलत नाहीत.

मात्र जागा मोकळी असावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि दोन्हींवरचे मिळून १५ जण दगावले. नौदलाच्या त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. चाचणीत यंत्र दगा देऊ शकते, किंबहुना ते देते का हे पाहण्यासाठीच चाचणी असते. म्हणून प्रवासी बोटींच्या वाटेपासून, धक्क्यापासून आणि जाळ्यांपासून दूर जावे. बोटीवरील प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवे. ओळखपत्रे आणि बोटीचे कागद सोबत ठेवावेत; २००८नंतर समुद्रातील तपासणी कडक झाली आहे. हौशी मंडळी आणि मुले यांना या फेरीत नेऊ नये.

इंजिन थंड असताना पोहोचा

विक्रेत्याने सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी जा आणि इंजिनाला हात लावून पाहा. ते आधीच गरम असेल तर विचारा, का? थकलेले इंजिन गरम झाल्यावर लगेच लागते, त्याची परीक्षा गारठ्यात होते. सुरू करण्यापूर्वी ऑइलची पट्टी ओढून पाहा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. बोटीच्या तळात किती पाणी आहे ते मोजून लिहून ठेवा किंवा ते पूर्ण उपसून घ्या.

सुरू झाल्यावर धूर पाहा. सुरुवातीचा थोडा धूर चालतो. तो टिकून राहिला तर अर्थ लावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, किंवा आत पाणी शिरते आहे. काळा धूर म्हणजे इंजिनावर झेपण्यापेक्षा जास्त भार आहे, हवा कमी पडते आहे किंवा नोझल बिघडले आहेत. थंड करणारे पाणी बाहेर नीट धारेने पडते का, तेही इथेच पाहावे.

समुद्रावर काय पाहावे

रिकामी बोट नेहमीच पळते. शक्य असेल तर बर्फ, पाण्याची पिंपे किंवा वाळूची पोती भरून, रोजच्या धंद्याइतका भार घालून न्या. फेरी निदान दोन तासांची असावी. बरेच दोष पहिल्या तासानंतर बाहेर येतात.

पहिली बाब, पूर्ण वेग. इंजिनावरील पाटीवर फेऱ्यांची कमाल संख्या लिहिलेली असते. समजा ती २००० आहे आणि पूर्ण दट्ट्या देऊनही काटा १७००वर अडतो, तर इंजिन कमजोर आहे, पंखा मोठा बसवला आहे किंवा तळाला शिंपले चिकटले आहेत. कारण शोधल्याशिवाय सौदा करू नये. पूर्ण वेगात दहा-पंधरा मिनिटे चालवून तापमानाची सुई स्थिर राहते का ते पाहा. मग वेग अगदी कमी करा. गरम इंजिनाचा ऑइल दाब अशा वेळी फार खाली येत असेल तर बेअरिंग झिजल्याची शंका घ्यावी.

दुसरी बाब, वेगाचा खरा आकडा. जीपीएसवर एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध वेग पाहा. जाताना ९ नॉट आणि येताना ७ नॉट असेल तर बोटीचा वेग ८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटर. विक्रेता जातानाचाच आकडा सांगतो.

तिसरी बाब, डिझेल. चाचणीपुरते डिझेल मोजलेल्या कॅनमधून द्या. भाराखाली डिझेल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण पाव लिटरच्या आत डिझेल घेते. १०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला २० ते २५ लिटर. याहून बरेच जास्त जात असेल तर नफा टाकीतच जळणार.

चौथी बाब, गिअर आणि सुकाणू. पुढे, मोकळा आणि मागे असा गिअर अनेकदा टाका. धक्का, घसरणे किंवा खणखणाट नको. पुढे जाणारी बोट मागचा गिअर टाकल्यावर किती अंतरात थांबते ते पाहा. सुकाणू डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत वळवा. दोन्ही वळणे सारखी हवीत. सुकाणू सरळ धरल्यावर बोट एका बाजूला ओढत असेल तर लिहून ठेवा.

पाचवी बाब, थरथर. ठरावीक वेगाला सगळी बोट कापत असेल तर शाफ्ट वाकलेला, पंख्याचे पाते मोडलेले किंवा इंजिन शाफ्टच्या रेषेत नाही. शाफ्टच्या ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी येणे स्वाभाविक आहे, धार येणे नाही. शेवटी तळातले पाणी पुन्हा मोजा. सुरुवातीच्या आणि आताच्या पाण्यातला फरक हा बोटीने स्वतः दिलेला जबाब आहे.

पंप, बॅटरी, दिवे, वायरलेस हेही चालू करून पाहावे. विक्रेत्याचा तांडेल बोट नेतो तेव्हा तिच्या खोडी सांभाळून नेतो, म्हणून फेरीचा उत्तरार्ध आपल्या तांडेलाच्या हाती द्यावा.

वाळूवर परतल्यावर

चाचणीनंतर बोट ओढून तळ पाहिल्याशिवाय काम पुरे होत नाही. लाकडी बोटीत पाण्याखालच्या फळ्या टोकदार हत्याराने टोचून पाहा. समुद्रातला किडा वरून बारीक भोक पाडतो आणि आतून फळी पोखरतो. फायबरच्या बोटीवर लहान हातोडीने ठोकत जा; आवाज बद्द झाला तर तिथे थर सुटले आहेत. फोड आणि नव्या रंगाचे एकाकी ठिगळ यांकडे विशेष लक्ष द्यावे.

कारागीर बांधवांसाठी एक शब्द

ही तपासणी एकट्या दुकानदाराने करण्यासारखी नाही. डिझेल इंजिनाचा मिस्त्री आणि बोट बांधणारा सुतार किंवा फायबरचा कारागीर सोबत हवा. आपल्या समाजात असे हुन्नरी लोक आहेत आणि त्यांना हे स्वतंत्र काम म्हणून करता येईल. तपासणीची मजुरी सौदा होवो वा न होवो, ठरल्याप्रमाणे मिळावी. खरेदीदाराने ती देताना हात आखडू नये. मिस्त्रीनेही एक पथ्य पाळावे. खरेदीदाराकडून मजुरी आणि विक्रेत्याकडून गुपचूप दलाली, असे दोन्ही हातांनी घेणे म्हणजे अमानतीत खयानत आहे. त्याच्या ‘ठीक आहे’ या दोन शब्दांवर एखाद्या कुटुंबाची पुंजी आणि खलाशांचे प्राण अवलंबून असतात.

विक्रेता बांधवांनीही समजून घ्यावे. दोष सांगून विकलेल्या बोटीचा भाव थोडा उतरतो, पण विक्री कायम राहते आणि पंचायतीपर्यंत भांडण जात नाही. खरेदीदार आणि विक्रेता खरे बोलले, दोष उघड केले तर सौद्यात बरकत येते आणि लपवले तर ती निघून जाते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. अल्लाहवर भरवसा ठेवायचाच, पण उंट बांधून. बोटीच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे कागद पाहणे, दोन तास समुद्रावर घालवणे आणि मगच पैसे मोजणे.