लाकडी लेथवरील सामूहिक काम : बुद्धिबळाचा संच

चेन्नईजवळ मामल्लपुरम येथे २०२२ मध्ये ४४ वे बुद्धिबळ ऑलिंपियाड झाले. या खेळाचा लाकडी संच तुमच्या क्लबने मिळून लेथवर करायचा ठरवला, तर अडचण कुठे येईल?

फिडेच्या शिफारशीनुसार प्याद्याची उंची ५ सेंमी आणि तळाचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के, म्हणजे २० ते २५ मिमी असतो. एकाने २० आणि दुसऱ्याने २५ मिमी घेतले, तर दोघेही नियमात बसतात. पण प्यादी एका संचातली वाटत नाहीत. म्हणून आधी एकच माप आणि सूट ठरवा, उदा. २३ ± ०.५ मिमी.

१. नमुन्याच्या प्याद्यावरून खुणांची पट्टी करून सर्वांना द्या.
२. लेथ थांबवूनच कॅलिपरने व्यास मोजा.
३. सर्वांनी सारखेच वाळलेले लाकूड घ्या. ओले लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही, त्यामुळे गोल तळ लंबगोल होतो.
४. घोड्याचा फक्त तळ कातता येतो. डोके कोरावे लागते.

कोणतेही प्यादे दुसऱ्याच्या जागी चालणे, यालाच अदलाबदलक्षमता म्हणतात.

स्वाध्याय : हत्तीची उंची ५.५ सेंमी असल्यास तळाच्या व्यासाच्या मर्यादा काढा.