कच्ची वही, पक्की वही

बाजारपेठेतल्या शाखेत काम केलेल्या बँक अधिकाऱ्याला दोन वह्यांचं शास्त्र कुणी शिकवावं लागत नाही. एक वही कर्जाच्या अर्जाबरोबर टेबलावर येते, दुसरी गल्ल्याखालच्या कप्प्यात राहते. माझी सारी नोकरी पहिली वही वाचण्यात आणि दुसरीचा अंदाज बांधण्यात गेली. या विषयात आता नवं काही कळायचं उरलं नाही, असं मला वाटत होतं. मग देवमाशांच्या शिकारीची एक हकिकत वाचनात आली. आमच्या पेठेतले सगळे व्यापारी त्यापुढे साधुसंत ठरावेत!

देवमासा नावापुरताच मासा. तो हवेत श्वास घेतो, पिलाला अंगावर पाजतो. त्यातल्या हंपबॅक या जातीची पाठ बुडी मारताना कुबडासारखी वर येते, म्हणून हे नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशन स्थापन झालं. प्रत्येक देशानं आपण किती देवमासे मारले ते कळवायचं, शास्त्रज्ञांनी त्या आकड्यांवरून शिल्लक काढायची आणि पुढच्या हंगामाची मर्यादा ठरवायची, अशी पद्धत. थोडक्यात खातं, नावे आणि बाकी.

सोव्हिएत रशियानं युद्धानंतरच्या पंचवीसेक वर्षांत दक्षिण गोलार्धात २,७१० हंपबॅक मारल्याचं कळवलं. प्रत्यक्षात मारले होते ४८ हजारांहून अधिक. त्यातले जवळजवळ २५ हजार तर १९५९ ते १९६१ या दोन हंगामांतच गेले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरची शिकार केंद्रं १९६२ नंतर एकामागोमाग बंद पडली. देवमासे येईनात. शास्त्रज्ञ आपली बेरीज पुन्हा पुन्हा तपासत राहिले. बेरीज बरोबर होती, खोट्या होत्या त्या नोंदी.

तपासनीस नव्हते असं नाही. जहाजावर तपासनीस असे, पण तो त्याच देशाचा. शाखाधिकाऱ्याच्या मेहुण्यानं शाखा तपासावी, तसला प्रकार. परदेशी निरीक्षक जहाजांवर आले ते १९७२ मध्ये.

एवढी शिकार कशासाठी? देश उपाशी होता म्हणून नव्हे. कित्येकदा चरबी तेवढी काढून उरलेलं धूड समुद्रात लोटून देत. कारण होतं ‘टार्गेट’. गेल्या वर्षी जेवढं केलं त्याहून यंदा जास्त, आणि उद्दिष्ट ओलांडलं की बोनस. मार्चअखेरीस ठेवी वाढवण्यासाठी होणारी धावपळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन समजेल. फरक एवढाच, की ३१ मार्चला आणलेली ठेव दोन एप्रिलला परत जाते आणि कुणाचा जीव जात नाही.

आता दुसऱ्या वहीविषयी. या जहाजांवर जीवशास्त्रज्ञही असत. प्रत्येक जनावराची जात, लांबी, नर की मादी, पोटात काय सापडलं, हे सारं ते इमानेइतबारे लिहीत. ते कागद गुप्त ठरत, आणि नष्ट करण्याचे हुकूमही सुटत. दिमित्री तोर्मोसोव्ह या शास्त्रज्ञानं आपल्या जहाजाच्या नोंदी घरच्या बटाट्याच्या तळघरात लपवून ठेवल्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९३ मध्ये, अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी अमेरिकेत टेक्सासमधल्या एका परिषदेत ही लबाडी जाहीर केली. मग एकेका जुन्या सहकाऱ्यानं आपापली वही बाहेर काढली. एकूण हिशेब असा निघाला, की जगभरात सुमारे १ लाख ८० हजार देवमाशांची नोंदच कळवलेली नव्हती. तोर्मोसोव्हनं तो गठ्ठा चुलीत घातला असता तर त्याला कोण विचारणार होतं? मला या माणसावर कादंबरी लिहावीशी वाटते, पण बटाट्याचं तळघर मी पाहिलेलं नाही.

हे सगळं अंटार्क्टिकाच्या बाजूला घडलं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. ओडेसा बंदरातून निघालेले सोव्हिएत ताफे सुएझमार्गे दक्षिणेकडे जाताना अरबी समुद्रातून जात. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्याजवळ २३८ हंपबॅक मारले. आदल्या वर्षीचे ४ धरून २४२. हंपबॅकच्या शिकारीवर तेव्हा बंदी होती. अर्थात पक्क्या वहीत यातलं काहीच नव्हतं. युरी मिखालेव्ह या शास्त्रज्ञानं १९९७ मध्ये त्या नोंदी प्रसिद्ध केल्या.

आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट हाती आली. इतर ठिकाणचे हंपबॅक उन्हाळ्यात थंड समुद्रात चरतात आणि हिवाळ्यात विणीसाठी गरम पाण्यात येऊन जवळजवळ उपाशी राहतात. इथे मारलेल्यांतल्या अनेकांच्या पोटात अन्न होतं. माद्यांच्या पोटातल्या पिलांच्या लांबीवरून विणीचा काळ काढला, तो उत्तर गोलार्धातला निघाला. म्हणजे हे अंटार्क्टिकाहून आलेले पाहुणे नव्हते. हे इथलेच, बारमाही रहिवासी. आपल्याला पाऊस देणारा नैर्ऋत्य मोसमी वाराच ओमानच्या किनाऱ्यावर खोल समुद्रातलं थंड, सकस पाणी वर आणतो. त्यावर मासळी पोसली जाते आणि मासळीवर हे. २०१४ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून निघालं, की ही वस्ती सुमारे ७० हजार वर्षं इतरांपासून वेगळी राहिली आहे.

आता ते किती उरलेत, हे मोजण्याची रीत मला फार आवडली. हंपबॅकच्या शेपटीखालचे काळेपांढरे ठसे प्रत्येकाचे निराळे असतात. बुडी मारताना शेपटी वर येते तेवढ्यात फोटो घ्यायचा आणि जुन्या फोटोंशी ताडून पाहायचा. आम्ही चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहत असू, तसंच. ओमानच्या किनाऱ्यावर अशा ताडणीतून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज होता ८२. एका महिन्यात मारलेल्यांच्या जवळपास एक तृतीयांश! आता भाला नाही, पण मासेमारीची जाळी आहेत. फोटोंतल्या कित्येकांच्या अंगावर जाळ्यांचे वण दिसतात. पाकिस्तानात ट्यूनाच्या नौकांवरच्या तांडेलांनाच दिसलेल्या देवमाशांची नोंद ठेवायला शिकवलं आहे. जाळं टाकणाराच आता वही लिहितो आहे.

ओमानच्या संशोधकांनी २०१७ च्या नोव्हेंबरात एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. तिच्या शेपटीवरचा ठसा ऊदाच्या झाडासारखा दिसतो, म्हणून तिचं नाव लुबान. आपण ज्याला लोबान म्हणतो तेच. ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून डिसेंबरात गोव्यासमोर आली, आणि किनारा धरून केरळवरून थेट मन्नारच्या आखातापर्यंत गेली. त्या दिवसांत गोव्याच्या किनाऱ्यावर नाताळची गर्दी असेल. तिच्या शेपटीचा फोटो ओमानच्या दप्तरी आहे.