ज्ञानाचे बिल कोणी भरायचे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, बाबांना मणक्याचा क्षय निघालाय." इथे बेलव्ह्यूला रात्रीचे अकरा वाजले होते. मी कॉम्प्युटरवाला, डॉक्टर नव्हे. पण आपल्या माणसाचे दुखणे म्हटले की स्वस्थ बसवत नाही. शोधाशोध केली. हवा तो लेख सापडला, चार ओळींचा सारांश दिसला आणि खाली पाटी: पुढे वाचायचे तर तीसचाळीस डॉलर भरा. दुसऱ्या लेखालाही तीच पाटी. तिसरा मात्र पूर्ण उघडला, तोही फुकट! तो होता परळच्या केईएम रुग्णालयातून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' या नियतकालिकातला. अमेरिकेत बसून मला परळने मदत केली.

मंडळी, हा धंदा मोठा गमतीचा आहे. संशोधनाला पैसा बहुधा सरकारचा, म्हणजे तुमच्याआमच्या करातला. शास्त्रज्ञ लेख लिहितो, त्याचे मानधन नाही. दुसरे शास्त्रज्ञ तो तपासतात, तेही सहसा विनामूल्य. मग प्रकाशक तोच लेख विद्यापीठांच्या ग्रंथालयांना विकतो. अमुक नियतकालिक महाग म्हणून दुसरे घेऊ, असेही चालत नाही, कारण प्रत्येक लेख एकमेव असतो. म्हणून किमती चढत गेल्या. २०१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकाशी असलेला करार सोडला. नवा करार व्हायला २०२१ उजाडले.

यावर उपाय म्हणून 'ओपन ॲक्सेस' आले: लेख सर्वांना खुला. २००२ साली बुडापेस्टच्या नावाने तसा जाहीरनामा निघाला. इथल्या एनआयएच या सरकारी संस्थेने तर १ जुलै २०२५ पासून नियम केला की, तिच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा स्वीकारलेला लेख प्रसिद्ध होताच पबमेड सेंट्रलवर सर्वांना वाचता आला पाहिजे.

मला वाटले, झाले, प्रश्न मिटला. तेवढ्यात कोल्हापूरच्या भाचीचा फोन. तिची पीएच.डी. चालू आहे. "मामा, पेपर स्वीकारलाय, पण दीड हजार डॉलर फी मागतायत." म्हणजे वाचकाचे बिल मिटले, ते लेखकाच्या नावे फाटले! 'नेचर'ने २०२१ पासून खुल्या लेखासाठी साडेनऊ हजार युरो आकार ठेवला. अतिगरीब देशांतल्या लेखकांना पुष्कळ प्रकाशक फी माफ करतात. भारत बहुधा त्या यादीत बसत नाही. शिवाय फी मिळते म्हटल्यावर, लेख न तपासताच छापणारी भुरटी दुकानेही निघाली.

भारत सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांची मोठी सोय झाली. पण हीही वर्गणीच. साताऱ्याच्या खाजगी दवाखान्यातला डॉक्टर दाराबाहेरच राहिला.

म्हणून मला परळचे उदाहरण मोलाचे वाटते. हे नियतकालिक १९५५ पासून तिथल्या अध्यापकांची संस्था चालवते. डॉ. डी. के. साहू यांच्या मुंबईच्या 'मेडनो' प्रकाशनाने ते इंटरनेटवर खुले केले. वाचकाला फुकट, लेखकालाही फी नव्हती. खर्च छापील अंकाच्या वर्गणीतून आणि जाहिरातींतून निघे. फुकट वाचायला मिळाल्यावर वर्गणीदार पळतील ही भीती खोटी ठरली, असा साहूंचा अनुभव होता. पुढे २०११ साली मेडनो वोल्टर्स क्लूवर या डच कंपनीने विकत घेतली. चांगले चाललेले घर शेवटी मोठ्या वाड्यात गेले म्हणायचे! तरी एक गोष्ट सिद्ध झाली: संस्थेने भार उचलला तर वाचक आणि लेखक दोघांचीही सुटका होते.

असो. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी पबमेड सेंट्रलवर पाहा. तिथे नसेल तर थेट लेखकाला चार ओळींचे पत्र टाका. बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात. भाचीला मी पैसे पाठवले नाहीत. आम्ही दोघांनी बसून फी न घेणारे एक चांगले नियतकालिक शोधले. थोडा वेळ लागला, पण तिचा लेख आता कोणालाही वाचता येतो. बाबांनी तो छापून घेतला आहे. त्यातले फारसे कळत नाही म्हणतात, पण आल्यागेल्याला दाखवतात.