ऊलाँगची ‘हजारो वर्षं’

‘हजारो वर्षांच्या परंपरेतून आलेला’ हे शब्द तैवानच्या हाय माउंटन ऊलाँग चहाच्या पुडीवर नसतील, तर माल खोटा की काय असं वाटावं, इतके ते सर्रास झालेत. दुकानदार तेच सांगतो, चहाचा शौक नव्यानेच लागलेले मित्रही तेच सांगतात. काही जण तर धुक्यात ध्यान लावून बसलेले भिक्षूही घुसडतात. तेव्हा एकदा सविस्तर लिहून टाकलेलं बरं.

चीनमधला चहा प्राचीन आहे, त्याबद्दल वाद नाही. पान अर्धवट ऑक्सिडीकृत करून ऊलाँग बनवण्याची पद्धत फूजियान प्रांतात काही शतकं तरी चालत आली आहे. तिथूनच रोपं आणि कारागीर समुद्र ओलांडून तैवानला गेले. पण ते स्थिरावले उत्तरेकडच्या कमी उंचीच्या टेकड्यांवर. १८६९ साली जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्याने तामसुई बंदरातून सव्वाशे टनांच्या आसपास चहा थेट न्यूयॉर्कला धाडला आणि तैवानच्या जुन्या नावाने ‘फॉर्मोसा ऊलाँग’ प्रसिद्ध झाला. तो चहाही या टेकड्यांवरचाच होता. त्यानंतर शंभर वर्षं तैवानने चहा पिकवला तो मुख्यतः परदेशी विकायला.

उंच डोंगरांवर, म्हणजे रूढ व्याख्येनुसार १००० मीटरच्या वर, चहाचे मळे पसरले ते १९७० नंतर. आणि त्यामागे भिक्षू नव्हते. रस्ता होता, निवृत्त सैनिक होते आणि सफरचंदाचा भाव होता.

लिशान या डोंगराळ भागाचंच बघा. १९४९ मध्ये राष्ट्रवादी नेता चँग कै-शेकबरोबर चीनमधून आलेल्या सैन्यातले हजारो जण पुढे निवृत्त झाले. त्यांना कामाला लावून सरकारने बेटाच्या मधल्या पर्वतरांगेतून आरपार रस्ता खोदला. तो १९६० मध्ये खुला झाला. काम करताना दोनशेहून जास्त माणसं गेली. रस्त्यावर राबलेल्या अनेक सैनिकांनी मग वरच, लिशानच्या आसपास, वस्ती केली आणि सफरचंद, नासपती, पीच लावले. उष्ण बेटावर सफरचंद म्हणजे चैन, त्यामुळे पैसा चांगला मिळे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सफरचंदांना दार उघडलं, भाव कोसळले आणि फळबागांच्या जागी चहा आला. अलिशान या चहाच्या दुसऱ्या डोंगराळ भागात जाणारा महामार्ग खुला झाला १९८२ मध्ये, म्हणजे आपलं दूरदर्शन रंगीत झालं त्याच वर्षी. त्याच वर्षी तैवानने चहा-निर्मितीवरचे जुने परवान्याचे नियमही रद्द केले. शेतकऱ्याला स्वतः चहा बनवून विकता येऊ लागला. निर्यात तोवर आटत चालली होती. पण देशातच खिसा गरम असलेलं गिऱ्हाईक तयार झालं होतं. हे सगळं जुळलं तेव्हा हा चहा जन्मला. त्यात कमीपणा काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. चाळीस-पन्नास वर्षांत इतकं चांगलं काही घडवणं हेच खरं तर मिरवण्यासारखं आहे.

चव मात्र खरोखर वेगळी. थंडी आणि ढग यांमुळे पान सावकाश वाढतं. कडू-तुरट कॅटेचिनं कमी तयार होतात, थिअनिनसारखी अमिनो आम्लं जास्त टिकतात. म्हणून घोट गोडसर, जरा दाट, फुलांच्या वासाचा. पुडीतली गोळी गरम पाण्यात सोडा आणि चौथ्या-पाचव्या ओतणीनंतर बोटांनी उलगडून बघा: एकाच देठाला दोन-तीन पूर्ण उमललेली पानं, मधोमध हिरवी, कडेला तांबूस. ती तांबूस कड म्हणजे सुपात पानं हलवताना कडा दुखावून झालेलं ऑक्सिडीकरण. त्यानंतर पानं भाजून, कापडात घट्ट बांधून, पुन्हा पुन्हा मळून त्यांची गोळी होते.

यावरून ‘जितका उंच तितका उत्तम’ असंही धरून चालू नये. ढग झुडपाला मानवतो, पण पानं खुडल्यावर ती सुकवायला ऊन लागतं. खुडणीच्या दिवशी ढग हटला नाही, तर अडीच हजार मीटरवरचं पानही बेचव होतं.

आता उरलेले गैरसमज झटपट. मिल्क ऊलाँगच्या झाडांना दूध घालत नाहीत. तो ज्यापासून बनतो ते जिन श्वान हे तैवानच्या सरकारी संशोधन केंद्राने १९८१ मध्ये आणलेलं वाण, त्याला जात्याच मंद दुधाळ वास असतो. पुडी फोडताच खोलीभर बासुंदी दरवळली, तर ते अत्तरकाम समजा. माकडं पानं खुडत नाहीत. कोवळी कळी म्हणजे उत्तम चहा, हा नियम इथे लागू नाही. इथे उमललेलं पानच हवं. हा चहा ‘आंबवलेला’ नाही, त्यात जंतूंचं काही काम नाही. कॅफिन आहे, रात्री बेताने प्या. आणि चरबी वितळण्याबद्दल: अमेरिकेत १२ पुरुषांवर झालेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऊलाँग पिऊन शरीराचा ऊर्जाखर्च सुमारे ३ टक्के वाढला खरा, पण नुसतं कॅफिन घातलेलं पाणी पिऊनही साधारण तेवढाच वाढला. जाहिरातवाले दुसरं अर्ध वाक्य गिळतात.

एक गैरसमज मात्र खिशाला चाट लावतो: तैवानी नाव म्हणजे तैवानी पान. तैवानमध्ये जेवढा चहा पिकतो, त्याहून जास्त तो बाहेरून आणतो. त्यात व्हिएतनामचा वाटा मोठा. तिथल्या लाम डोंगच्या पठारावर तैवानी गुंतवणूकदारांनीच तैवानी वाणं आणि यंत्रं नेऊन मळे उभे केले. तो चहा वाईट नाही. वाईट आहे तो अलिशानच्या नावाने विकणं. तैवानमध्ये पानातल्या मूलद्रव्यांची तपासणी करून मूळ ओळखतात. आपल्याकडे दुकानात ती सोय नाही. तेव्हा पुडीवर परंपरेऐवजी डोंगराचं नाव, वाण, उंची आणि खुडणीचा हंगाम शोधा. यातलं काहीच नसेल आणि किंमत मात्र डोंगराएवढी असेल, तर पुडी परत फळीवर ठेवा.